आमची वाटचाल : चलन, पिग्मी आणि 896

बेळगावच्या शहापुरात आमच्या घराच्या माडीवर एक खोली आहे. 2009 पर्यंत तिच्यात सासऱ्यांच्या हातमागाचे सुटे सामान, रिकाम्या कांड्या आणि सुताची पोती असत. त्या वर्षीचा पावसाळा संपल्यावर मी ते सामान खाली हलवले, तिथे दोन टेबले, एक संगणक आणि एक यूपीएस मांडला, आणि लहान कारखान्यांना व पतसंस्थांना लागणारे सॉफ्टवेअर तयार करून देण्याचा आमचा व्यवसाय सुरू झाला. त्याआधी पाच वर्षे मी पुण्यात नोकरी केली होती. एका परदेशी विमा कंपनीच्या दाव्यांचा एकच फॉर्म त्या पाच वर्षांत मी वेगवेगळ्या प्रकारे दुरुस्त केला, पण तो भरणारा माणूस मला एकदाही दिसला नाही.

बेळगावात सॉफ्टवेअरचे नाव काढले की लोक बेंगळुरूकडे किंवा पुण्याकडे बोट दाखवतात. त्यात चूक काही नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय 1998 पासून याच शहरात असले, तरी इथल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले पदवी हातात पडताच रात्रीच्या गाडीने त्याच दोन शहरांची वाट धरतात. काम मात्र इथेही होते. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्या (धातू ओतण्याचे कारखाने) आणि मशीन शॉप, खडेबाजारातील व्यापारी, गल्लोगल्लीच्या पतसंस्था या सगळ्यांकडे संगणक येऊन पडले होते, आणि त्यांच्या हिशेबाच्या रीती बाजारातील तयार सॉफ्टवेअरमध्ये बसत नव्हत्या.

आमचे पहिले मोठे काम 2010 मध्ये एका फाउंड्रीचे मिळाले. उद्यमबागेत एक वस्तू एकाच छपराखाली पूर्ण होते असे क्वचितच घडते. एका ठिकाणी ओतलेला धातूचा भाग, म्हणजे कास्टिंग, दुसऱ्या ठिकाणी लेथवर कातायला जाते, तिसऱ्या ठिकाणी त्याला भोके पाडली जातात, आणि प्रत्येक वेळी मालासोबत चलन, म्हणजे मालाची नोंद असलेला कागद, जाते. किती नग गेले, किती परत आले, कोणाकडे किती शिल्लक आहेत, एवढे त्या मालकांना रोज संध्याकाळी हवे होते. मी त्यांच्याशी दोन बैठका केल्या, आठ आठवडे खपून प्रोग्रॅम तयार केला आणि मोठ्या आत्मविश्वासाने तो वजनकाट्याशेजारच्या संगणकावर बसवला.

पहिल्याच दिवशी त्याने आलेले प्रत्येक चलन लाल रंगात दाखवले. पाठवलेले वजन आणि परत आलेले वजन जुळत नसेल तर माल कमी आला आहे असे समजून इशारा द्यायचा, असा नियम मी स्वतःच्या अकलेने घातला होता. फोरमनमामांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “ताई, मशीनवर घातलं की वजन उतरतंय की हो.” कातताना निघणाऱ्या चुऱ्याला तिकडे बोरिंग म्हणतात, तो पुन्हा भट्टीत जातो, त्याचेही वजन होते आणि त्याचाही हिशेब असतो. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मला हे ठाऊक नव्हते असे नाही, पण टेबलाशी बसून नियम लिहिताना ते सुचले नाही, हे खरे.

त्यानंतर दोन आठवडे मी त्या काट्याशेजारी स्टूल टाकून बसले. परत आलेले नग चांगले, सीआर आणि एमआर अशा तीन ढिगांत लागतात, हे मला तिथे कळले. सीआर म्हणजे कास्टिंगचा दोष आणि एमआर म्हणजे मशीनिंगचा दोष. कातून झाल्यावर आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघाले, तर दोष फाउंड्रीचा. पण तोपर्यंत कातणाऱ्याने तीनपैकी दोन ऑपरेशन केलेली असतात, मग त्या दोन ऑपरेशनची मजुरी द्यायची की नाही? उलट माप चुकून नग वाया गेला, तर कास्टिंगची किंमत कातणाऱ्याच्या बिलातून वळती करायची, पण ती पूर्ण किंमत धरायची की भंगाराची किंमत वजा करून? याची उत्तरे कोणत्याही कागदावर नव्हती. ती फोरमनमामांच्या डोक्यात होती आणि प्रत्येक मशीन शॉपगणिक निराळी होती. एकाशी वीस वर्षांचा संबंध, म्हणून मजुरी अर्धी द्यायची. दुसरा नवा, म्हणून काहीच नाही. मी या साऱ्याचा एक तक्ता केला आणि प्रोग्रॅममध्ये बसवला. तो तक्ता पाहून मालकांना आपल्याच कारखान्यातील दोन गोष्टी पहिल्यांदा कळल्या, आणि त्यावरून जो वाद झाला तो माझ्यासमोरच झाला. मी चहाचा कप घेऊन बाहेर गेले.

या फाउंड्रीच्या शब्दावर पुढची चार कामे मिळाली. 2014 पर्यंत आमचे एकूण नऊ ग्राहक झाले होते. स्कूटरच्या डिकीत सीडी, स्क्रू ड्रायव्हर आणि पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी घेऊन मी दिवसातून दोनदा उद्यमबाग गाठत असे. आता तेच काम घरून दूरस्थ जोडणीने होते. सकाळी सहा ते नऊ हीच माझी खरी कोड लिहिण्याची वेळ. नऊनंतर फोन सुरू होतात आणि मग दिवस ग्राहकांच्या मालकीचा असतो. बाहेरच्यांना वाटते की सॉफ्टवेअरवाली बाई दिवसभर कोड लिहीत बसते. माझ्या वहीतल्या नोंदी पाहिल्या तर निम्म्याहून अधिक वेळ प्रिंटर, विसरलेले पासवर्ड, “कालचं बिल दिसंना झालंय” आणि करसल्लागारांचे निरोप यांत जातो. महिन्याच्या 11 आणि 20 या तारखांना जीएसटीची विवरणपत्रे असल्यामुळे त्या दिवशी मी कोणाच्याही लग्नाला जात नाही.

जीएसटी 1 जुलै 2017 रोजी लागू झाला, आणि सीमेवर राहणे म्हणजे काय ते आम्हाला त्या वर्षी नव्याने समजले. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्याने थोडे पुढे गेले की शिनोळी लागते आणि तिथे महाराष्ट्र सुरू होतो. चंदगड तालुक्यातील एक काजू कारखाना आमचा ग्राहक होता. तिथल्या बायकांनी सोललेल्या गराची डब्ल्यू-180, 240, 320 अशी प्रतवारी होते, म्हणजे एका पौंडात साधारण तितके गर बसतात, आणि त्याप्रमाणे मजुरी व साठा मांडायचा असतो. शहापूरहून तिथे जायला मला दुपारच्या डब्याइतकाही वेळ लागत नाही, पण करापुरता तो व्यवहार आंतरराज्य ठरला. आंतरराज्य सेवा देणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची, असा तेव्हा नियम होता. मी नोंदणी केली. 13 ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेने वीस लाखांपर्यंतच्या सेवा पुरवठादारांना त्यातून सूट मिळाली, तोवर माझी पहिली विवरणपत्रे भरून झाली होती. नोंदणी मी तशीच ठेवली. त्यामुळे ग्राहकाला कराची वजावट मिळते आणि बिलाला वजन येते, असा अनुभव आहे.

त्या वर्षीची माझी सर्वांत महागडी चूकही सीमेचीच होती. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, कर्नाटकाचे 29 आणि महाराष्ट्राचे 27. माल त्याच राज्यात राहत असेल तर केंद्राचा व राज्याचा कर निम्मा निम्मा, बाहेर जात असेल तर एकत्रित आयजीएसटी. मी प्रोग्रॅमला सांगितले, माल जिथे उतरणार तो पत्ता पाहा. ऐकायला हे बरोबर वाटते. पण आमच्या एका फाउंड्रीला कोल्हापूरच्या खरेदीदाराने कास्टिंगची मागणी दिली आणि माल परस्पर उद्यमबागेतल्याच, दोन गल्ल्या पलीकडच्या मशीन शॉपला टाकायला सांगितला. टेम्पो पाच मिनिटांत पोहोचला, बेळगावच्या हद्दीबाहेर गेला नाही, म्हणून प्रोग्रॅमने स्थानिक कर लावला. कायदा मात्र असे म्हणतो की एकाच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याला दिला, तर तो सांगणाऱ्याला मिळाला असे मानायचे आणि पुरवठ्याचे ठिकाण त्याच्या मुख्य कार्यालयाचे धरायचे. म्हणजे दोन गल्ल्या ओलांडलेला माल कागदोपत्री कोल्हापूरला गेला होता आणि त्यावर आयजीएसटी हवा होता. तीन महिन्यांची सत्तेचाळीस बिले चुकली होती. ती फाउंड्रीच्या करसल्लागारांच्या लक्षात आली, त्यांनी मला न रागावता बोलावून घेतले, आणि आम्ही एक रविवार व दोन रात्री बसून ती निस्तरली. त्या वर्षाचे देखभालीचे पैसे मी त्या ग्राहकाकडून घेतले नाहीत.

पतसंस्थांचे काम याहून निराळे. इथे दुकानदार रोज संध्याकाळी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, भरतो. एजंट हातातल्या छोट्या यंत्रावर रक्कम टाकून पावती फाडून देतो आणि रात्री ती सारी नोंद संस्थेत चढते. आमच्या संस्थांचे सभासद बहुतेक मराठी, त्यांची नावे मराठीत, पण सहकार खात्याचा पत्रव्यवहार कन्नडमध्ये. हजारो नावे पुन्हा कन्नडमध्ये टाइप करायला कोणी तयार नव्हते, म्हणून 2015 मध्ये मी एक युक्ती केली. भारतीय लिप्यांसाठी आधी ठरलेल्या इस्की मानकाचा साचा युनिकोडने, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीने, पुढे चालवला असल्यामुळे देवनागरी आणि कन्नड अक्षरे आपापल्या तक्त्यांत एकाच क्रमाने बसली आहेत. देवनागरी ‘क’चा क्रमांक 2325, कन्नड ‘क’चा 3221, फरक 896. प्रत्येक अक्षरात 896 मिळवायचे की नाव कन्नडमध्ये तयार. चार ओळींचा कोड होता, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

छापून आलेल्या पहिल्या पानावर शहराचेच नाव चुकले होते. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ असे दोन प्रकारचे आहेत. मराठीतला एकच ‘ए’ माझ्या बेरजेने दीर्घ होऊन बसत होता आणि ‘बेळगावी’तला ‘बे’ उगाच लांबत होता. शेवटचा ‘वी’ मराठीत दीर्घ लिहितात, कन्नडमध्ये ऱ्हस्व, तोही चुकला. ‘डॉ.’ लावलेल्या सभासदांच्या नावात ‘ॉ’च्या जागी रिकामा चौकोन उमटला, कारण कन्नड तक्त्यात ती जागाच मोकळी आहे. आणि कऱ्हाडकर आडनावातल्या ‘ऱ्’साठी असे अक्षर आले जे आज कोणी लिहीत नाही. ते जुन्या कन्नडमधले आहे, हे मला बैलहोंगलच्या माझ्या सहकारी मुलीने सांगितले. ती नुकतीच कामाला लागली होती, कन्नड तिची घरची भाषा, आणि ते पान हातात घेऊन ती इतकी हसली की शेजारच्या माडीवरून कोणीतरी काय झाले म्हणून विचारले. मग तिने आडनावांची आणि गावांची एक वेगळी यादी करायला घेतली. प्रोग्रॅम आधी त्या यादीत शोधतो, तिथे सापडले नाही तरच 896 मिळवतो आणि त्या नावापुढे खूण करतो. ती रोज सकाळी खुणा पाहून यादी वाढवते. आज त्या यादीत सहा हजारांवर नोंदी आहेत, आणि माझ्या मते आमच्या फर्मची सर्वांत मोलाची मालमत्ता तीच आहे, कोडपेक्षा कितीतरी अधिक.

नुकसानीचे प्रसंगही आले. ऑगस्ट 2019 च्या पावसात एका ग्राहकाकडे वीज सारखी ये-जा करत होती आणि माहितीची फाइल मध्येच बिघडली. बॅकअप रोज घेतला जात होता, पण त्याच संगणकाच्या त्याच डिस्कवर. हे मी दोन वर्षे पाहूनही बोलले नव्हते. चलनबुकाच्या कार्बन प्रती होत्या म्हणून निभावले. अकरा दिवसांची चलने आम्ही तिघींनी पुन्हा भरली. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता प्रोग्रॅम पेन ड्राइव्ह मागतो आणि तो मिळेपर्यंत बंद होत नाही. याबद्दल मला पुष्कळ बोल ऐकावे लागतात.

पैशांविषयी थोडेच लिहिते. देखभालीचा वार्षिक करार हाच आमचा संसार. नवी कामे वर्षाला दोन-तीन. “पाडव्याला देतो” म्हणणारे बहुतेक पाडव्याला देतात. एका ग्राहकाने दोन वर्षांचे पैसे बुडवले, त्याची बिले अजून फाइलमध्ये आहेत. खंडेनवमीला कारखान्यांत लेथ आणि भट्टीबरोबर संगणकालाही झेंडूची माळ पडते आणि कीबोर्डवर हळदकुंकू सांडते. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कीबोर्ड बदलायला जाण्याचे मी कधीच पैसे लावलेले नाहीत.

सध्या आमचे एकतीस ग्राहक आहेत, आणि जुने प्रोग्रॅम एकेक करून नव्याने लिहिणे चालू आहे. 5 कोटींवरच्या उलाढालीला ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, सक्तीचे झाले, त्यामुळे बिलांचा भाग आधी बदलावा लागला. पहिल्या फाउंड्रीतही बिले नव्या प्रोग्रॅमवर गेली आहेत. वजनकाट्याचा भाग मात्र गेलेला नाही. फोरमनमामा निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेल्या पुतण्याची बोटे त्याच कळांना सरावली आहेत, आणि मालक म्हणतात, “चालतंय तोवर चालू दे.” तो संगणक विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीवर चालतो, ज्याला 8 एप्रिल 2014 पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून मी त्याची इंटरनेटची तार काढून टाकली आहे. त्याला बसेल अशी जुन्या जोडणीची एक हार्ड डिस्क मी गेल्या वर्षी भंगारवाल्याकडून घेतली, तपासली, आणि सासऱ्यांच्या सुताच्या पिशवीत गुंडाळून माडीवरच्या कपाटात ठेवली आहे.