टेम्प्लेट मिसमॅच : प्रचाराचा एसएमएस मतदारापर्यंत पोचवताना

मतदाराला एक साधा एसएमएस पाठवायचा होता. नाव, यादी भाग, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र. या चार गोष्टींपायी २०२४ च्या विधानसभेला मला इतका मनस्ताप झाला की घाऊक एसएमएसची नोंदणी होते त्या डीएलटी पोर्टलचं नाव काढलं तरी अजून डोकं तापतं. पुढच्या निवडणुकीत कोकणातल्या आणखी कुणा कार्यकर्त्याच्या गळ्यात हे काम पडेल, त्याचे हाल तरी वाचावेत म्हणून सगळं लिहून काढतोय.

मी सिंधुदुर्गातल्या एका उमेदवाराच्या प्रचारात मतदारांचा डेटा सांभाळत होतो. पक्ष कुठला ते सांगत नाही, कारण या अडचणीला पक्ष नसतो.

मतदार यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून भागनिहाय उतरवून घेता येते. पण ती पीडीएफ चित्राच्या स्वरूपात असते, तिच्यात नाव शोधता येत नाही. २०१८ मध्ये काँग्रेसचे नेते कमलनाथ याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले होते, शोधता येईल अशी मजकुराची यादी द्या म्हणून. न्यायालयाने ती मागणी फेटाळली. त्यामुळे एका पानावरची तीस नावं मशीनने वाचून एक्सेलमध्ये आणायची आणि मग माणसाने तपासायची. आमच्या मुलांनी ते काम रात्री बसून केलं, चांगलं केलं.

खरी मेहनत वाडीच्या रकान्यात आहे. पुण्या-मुंबईत बनलेली सॉफ्टवेअरं मतदारांना आडनावाने किंवा घर क्रमांकाने लावतात. आमच्याकडे अख्खी वाडी एकाच आडनावाची. परबवाडीत आडनावाने शोधून काय हाती लागणार? घर क्रमांक बघावा तर शेजारशेजारच्या दोन घरांचे आकडे यादीत कुठल्या कुठे. म्हणून प्रत्येक भागाची छापील यादी त्या गावातल्या जाणत्या माणसापुढे ठेवायची आणि नावापुढे वाडी लिहून घ्यायची. कोण मुंबईत, कोण गावात, कोण लग्न होऊन गेली, कोण वारलं, सगळं त्याच बैठकीत कळतं. हे काम कुठलीही कंपनी विकत देऊ शकत नाही, आणि निवडणूक जिंकून देणारा डेटा म्हणतात तो हाच.

याचं मोल किती ते आकड्यांतच दिसतं. त्याच निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी, आणि आपल्या कोकणपट्टीच्या वरच्या अंगाला बेलापूरचा ३७७ मतांनी. म्हणजे दोन-तीन वाड्यांतली मतं.

आता अडलं कुठे ते सांगतो.

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्याच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे घाऊक एसएमएस पाठवायचा तर मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर तीन गोष्टींची नोंदणी लागते. पाठवणारा कोण, मेसेज कुठल्या हेडरने, म्हणजे पाठवणाऱ्याच्या कुठल्या नावाने जाणार, आणि मजकुराचा साचा म्हणजे टेम्प्लेट. साच्यात बदलत्या माहितीच्या जागी व्हेरिएबल टाकतात. मग निघणारा प्रत्येक मेसेज मशीन त्या साच्याशी ताडून पाहतं. जुळला तर पुढे, नाही जुळला तर तिथेच खलास. लोकांना येणारे फसवे मेसेज रोखायला ही व्यवस्था आहे आणि ती असायलाच हवी. माझं भांडण व्यवस्थेशी नाही. साचा का फेटाळला ते धड न सांगणाऱ्यांशी आहे, आणि पैसे घेऊन फोन न उचलणाऱ्यांशी.

नोंदणी आणि हेडर पक्षाच्या मुंबईच्या लोकांनी करून दिले. साचा भरायचं काम आम्ही ठरवलेल्या एका एसएमएस कंपनीकडे होतं. पहिला साचा फेटाळला गेला. कारण म्हणून एक इंग्रजी ओळ, जिच्यातून काही बोध होईना. कंपनीचा मुलगा म्हणे, परत टाकतो. परत फेटाळला. शेवटी मीच नियम शोधून वाचले तेव्हा उलगडा झाला. साच्यात मतदान केंद्राच्या गूगल मॅपची लिंक होती, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी मंजूर करून न घेतलेली लिंक एसएमएसमध्ये चालत नाही. हा नियम कंपनीला ठाऊक असायला हवा होता, त्यांचा धंदाच तो आहे. मी लिंक काढूनच टाकली. आपली शाळा कुठे आहे हे गावातल्या माणसाला नकाशावर बघावं लागत नाही.

मग केंद्राचं नाव. एका व्हेरिएबलमध्ये तेव्हा तीस अक्षरं मावायची, आणि मशीन काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं सुटं मोजतं. 'जिल्हा परिषद पूर्ण प्राथमिक शाळा' एवढंच लिहिलं तरी बत्तीस होतात. गावाचं नाव आणि खोली राहिलीच बाहेर. आम्ही सगळ्या केंद्रांची नावं 'जि. प. शाळा' करून छोटी केली आणि गाव व खोलीसाठी वेगळं व्हेरिएबल घेतलं. शिवाय देवनागरी मेसेज सत्तर अक्षरांत बसला तरच एक धरतात. लांबला की सदुसष्ट-सदुसष्टचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. इंग्रजीत हीच मर्यादा १६० आहे. पोरं म्हणाली, इंग्रजी लिपीत मराठी लिहू, निम्म्यात भागेल. मी ऐकलं नाही. साठीच्या बाईला तिचा यादी भाग तिच्या लिपीत वाचता आला पाहिजे, नाहीतर मेसेज पाठवायचा कशाला?

साचा मंजूर झाला. जिवात जीव आला. हाच मजकूर एमसीएमसीकडून, म्हणजे माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडून, आधीच प्रमाणित करून घेतला होता. प्रचाराचे घाऊक एसएमएस आणि आवाजी संदेश त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय पाठवायचे नसतात, आणि उमेदवाराने अर्ज निदान तीन दिवस आधी द्यावा लागतो. आता फक्त पाठवायचं होतं.

पाठवले. एकही पोचला नाही. अहवालात ओळीने एकच शेरा : टेम्प्लेट मिसमॅच.

मंजूर साचा एका बाजूला, आमचा मेसेज दुसऱ्या बाजूला. शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम. डोळ्यांना कुठेच फरक दिसेना. कंपनीत फोन केला तर, "सर, टेम्प्लेट अप्रूव्हड आहे, प्रॉब्लेम तुमच्या साइडने आहे." तुमच्या साइडने म्हणजे नेमका कुठे, हे सांगायला त्यांच्याकडे कुणी तयार नव्हतं. पुढे फोन उचलणंच बंद झालं, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसायच्या आणि उत्तर नाही. इकडे १८ नोव्हेंबरची संध्याकाळ जवळ येत चालली. त्या दिवशी सहाला जाहीर प्रचार संपणार, आणि मतदानापूर्वीच्या त्या ४८ तासांत प्रचाराचा घाऊक एसएमएस पाठवता येत नाही. उमेदवार रोज विचारणार, मेसेज गेले काय? मी काय सांगणार होतो?

हा गुंता सुटला तो बाजारपेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडे. लग्नपत्रिका छापतो, त्याची उभी हयात मराठी फॉन्टांत गेली आहे. दोन्ही मजकूर त्याच्या संगणकावर उघडले. त्याने ते मोठे केले, एकेका अक्षराचा कोड बघत गेला आणि मेसेजातल्या 'शेजाऱ्यांनाही' या शब्दावर थांबला. म्हणाला, "दिसाक एकच दिसतत, पण आतसून येगळे आसत."

आपला तो अर्धा र, शेजाऱ्यातला, सुऱ्यातला, तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत त्याला स्वतःचा वेगळा कोड आहे. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, त्याला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आमचा मजकूर पहिल्या तऱ्हेचा होता. पोर्टलवरचा साचा दुसऱ्या तऱ्हेचा निघाला, कारण मी पाठवलेली फाईल तशीच चिकटवायची सोडून कंपनीच्या मुलाने तो मजकूर त्याच्या कीबोर्डवर नव्याने टाइप केला होता. माणसाला जो शब्द एक, तो मशीनला दोन.

शब्द बदलून 'वाडीतल्या सगळ्यांना' करावा असं पटकन मनात येतं. पण मजकूर बदलला की साचा नव्याने मंजूर करा, प्रमाणपत्र नव्याने घ्या, आणि तेवढा वेळ कुणाकडे होता? म्हणून उलटं केलं. पोर्टलवरचा मंजूर साचा उतरवून घेतला, त्यातला तो शब्द उचलून आमच्या एक्सेलमध्ये सगळीकडे भरला. मजकूर वाचायला तोच, आतला कोड तेवढा साच्याप्रमाणे. सकाळी दहाला खिडकी उघडल्यावर, कारण प्रचारकी मेसेज सकाळी दहा ते रात्री नऊ एवढ्यातच जातात, चाचणी घेतली. माझ्याच फोनवर टण्ण वाजलं. त्या आवाजाने मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. मुदतीच्या आत सगळे मेसेज निघाले.

तेव्हा पहिला सल्ला हाच : मेसेजच्या मजकुरात अर्धा र येऊच देऊ नका. दुसऱ्या, साऱ्या, येणाऱ्या, सगळे टाळा. आणि मंजूर झालेला साचा पोर्टलवरूनच उचला, स्वतःच्या फाईलवर विसंबू नका.

आता या मेसेजने मतं मिळाली का? माझं प्रामाणिक मत असं की एकट्या मेसेजने फारशी नाही. येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात प्रयोग करून पाहिला होता. घरी जाऊन समोरासमोर भेटल्याने मतदान वाढलं, भाडोत्री माणसांच्या फोनने वाढलं नाही. आमच्याकडेही तेच. निकालानंतर फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं बघितली. ज्या केंद्रांवर वाडीचा रकाना पुरा होता आणि कार्यकर्ता घरोघर दोनदा फिरला होता, तिथे आमची बाजू उजवी दिसली. मेसेजचं काम एवढंच की दारात गेलेल्या माणसाला म्हणता यावं, "काकी, तुमचा नंबर मेसेजात इलो ना?" तिथून बोलणं सुरू होतं.

काकींवरून आठवलं. फोन नंबर गोळा करताना घरटी एक नंबर घेऊन थांबू नका. तो बहुतेक वेळा मुंबईतल्या मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. केंद्राची माहिती विरारला वाजते आणि मत देणारी बाई इथे वाडीत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. कोकणात गावात राहून मत देणारी बाई आहे, तेव्हा तिचा स्वतःचा नंबर तिला विचारून, कशासाठी हवा ते सांगून घ्या. तालुक्याचे तयार नंबर विकायला येणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. न विचारता आलेल्या मेसेजने माणूस दुखावतो, आणि त्या यादीत अर्धे नंबर भलत्याच गावचे असतात.

चाकरमान्यांची यादी वेगळी करा आणि त्यांना फोनच करा, तोही गावातल्या ओळखीच्या माणसाने. २० नोव्हेंबर २०२४ ला बुधवार होता, गणपती-दिवाळीला येऊन गेलेला माणूस आठवड्याच्या मधोमध परत कशाला येईल? त्याला सांगावं लागतं की मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा लोकप्रतिनिधित्व कायद्याने, कलम १३५ ब प्रमाणे, त्याचा हक्क आहे. पण केंद्रावर न्यायला-आणायला उमेदवाराच्या पैशाने गाडी करू नका. त्याच कायद्याच्या कलम १२३(५) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडून आलेली जागा त्यापायी जाऊ शकते.

मतदानाच्या दिवशी वाटायच्या चिठ्ठ्या साध्या पांढऱ्या कागदावर काढा, त्यावर उमेदवाराचं नाव, पक्ष, चिन्ह काही नको. एक्सेल तयार असतंच, वाडीप्रमाणे छापून गठ्ठे बांधले की कार्यकर्त्याची पायपीट निम्मी होते. एसएमएसचं बिल उमेदवाराच्या खर्चात धरायला विसरू नका, विधानसभेला मर्यादा ४० लाखांची आहे.

आणि चाचणीचा मेसेज एकाच सिमवर बघून थांबू नका. जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया, बीएसएनएल, चारही कंपन्यांच्या नंबरांवर टाका, आणि त्यातला एक फोन खाडीपलीकडच्या गावातल्या कार्यकर्त्याकडे असू द्या. तिथे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, तेव्हा मेसेज कधी पोचला ते त्यालाच विचारून घ्या.