तुम्ही विचारलंत म्हणून: लघुग्रह शोधायला दुर्बीण अवकाशात कशाला?

अंजनेरीच्या पायथ्याशी आकाशदर्शनाला आलेली मंडळी हमखास विचारतात: जमिनीवर एवढ्या मोठाल्या दुर्बिणी असताना पृथ्वीवर आदळू शकणारे लघुग्रह शोधायला नासा अवकाशात निओ सर्व्हेयर नावाची आणखी एक दुर्बीण कशाला पाठवतेय?

एक कारण सूर्य. जमिनीवरून आपण रात्री बघतो, म्हणजे सूर्याकडे पाठ करून. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे 20 मीटरचा दगड सूर्याच्या बाजूनं आला. आधी कुणालाच दिसला नाही.

त्याहून महत्त्वाचं कारण आकार. साध्या प्रकाशात लघुग्रह म्हणजे नुसता ठिपका. समजा, एक दगड 4 टक्के प्रकाश परतवतो आणि दुसरा 36 टक्के. दोघं सारखेच तेजस्वी दिसले, तर काळा दगड तिप्पट रुंद असतो आणि घनता सारखी धरली तर 27 पट जड! काळा दगड ऊन जास्त शोषतो, तापतो आणि ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून बाहेर टाकतो. ती मोजली की आकार बराच नेमका कळतो. पण या किरणांची तरंगलांबी मुख्यतः 10 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या) आसपास असते, आणि तिथे आपली हवा आणि खुद्द दुर्बीणही चमकत असतात. भर दुपारी तारे शोधण्यासारखंच ते.

दुर्बीण थंड ठेवणं हे खरं अवघड काम. नासाच्या वाइज या आधीच्या अवरक्त अवकाश दुर्बिणीला थंड ठेवणारा गोठवलेला हायड्रोजन 2010 मध्येच संपला. म्हणून निओ सर्व्हेयरमध्ये असं संपणारं काही ठेवलेलंच नाही; सूर्याच्या बाजूला मोठी ढाल, आणि उष्णता काळ्या अवकाशात सोडून द्यायची. आरसा जेमतेम 50 सेंटिमीटरचा. जागा पृथ्वीपासून सूर्याकडे 15 लाख किलोमीटरवर, तिथून सूर्याच्या 45 अंश जवळपर्यंत बघता येईल. उड्डाण 2027 मध्ये ठरलं आहे.

आकाशाचा तोच तुकडा पुन्हापुन्हा टिपायचा. सरकतो तो लघुग्रह. एकाच चित्रात उमटून गायब होतो तो बहुधा वैश्विक किरणाचा (अवकाशातून येऊन आदळणाऱ्या वेगवान कणाचा) डाग.

आणि बातम्यांत येते ती धडकेची टक्केवारी? 2024 वायआर4 या लघुग्रहाची पृथ्वीशी धडकेची शक्यता फेब्रुवारी 2025 मध्ये 3.1 टक्क्यांपर्यंत चढली, मग काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली. सुरुवातीला मार्ग अंधुक, म्हणजे तो दगड कुठून जाईल त्याचा पट्टा लांबलचक असतो. नोंदी वाढतात तसा तो आखडतो. पृथ्वी अजून पट्ट्यातच असेल तर तिचा वाटा वाढतो, आणि ती बाहेर पडली की आकडा कोसळतो. म्हणून बातमीत टक्के दिसले की किती दिवसांच्या नोंदींवरून काढलेत, ते आधी बघा.