कोरियन मुलांचे किस्से? तुम्ही विचारलंत म्हणून

फराळाला जा नाहीतर सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरा, प्रश्न ठरलेला: "कोरियन मुलांना इंग्रजी शिकवतेस ना? सांग की एखादा किस्सा!" विचारणारा हसायच्या तयारीतच असतो.

आणि मी सांगतेही. खराडीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर चार मुलं बसतात, वडील रांजणगावच्या कारखान्यात. "टीचर, ही कनिंग!" अशी तक्रार आली की शेजारचा लबाड नसतो, कॉपी करत असतो. "माय फादर ड्रिंक कॉपी" मधली कॉपी मात्र कॉफी, कारण त्यांच्या भाषेत 'फ' नाही. (आपण 'फिलम' म्हणणाऱ्यांनी किती हसावं?) 'सर्व्हिस' म्हणजे फुकट, म्हणून "वन मोअर स्टिकर, सर्व्हिस!" जून 2023 मध्ये कोरियाने वय मोजायची जुनी रीत कायद्याने मोडली, तेव्हा एकजण रडवेला होऊन आला: "येस्टरडे आय नाइन. टुडे सेव्हन." जन्मताच एक वर्षाचं धरायचे, वर एक जानेवारीला सगळ्यांचं वय वाढायचं. त्याची दोन वर्षं एका रात्रीत गेली होती.

हे सगळं ठीक. जो किस्सा मी सगळ्यात रंगवून सांगायचे, तो आता सांगत नाही.

'माझी आई' असा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं, 'अवर मदर मेक बर्थडे सूप.' कोरियनमध्ये आई, घर, शाळा सगळं 'उरी', आपलं. एकुलतं एक मूलही 'आमची आई'च म्हणतं. मला हे ठाऊक होतं, म्हणूनच गंमत सुचली. मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "अवर? माझीपण आई?" बाकीचे तिघे खिदळले. तिने ते 'अवर' खोडायला घेतलं. खोडत राहिली, कागद फाटेपर्यंत. मग फाटक्या जागेच्या शेजारी बारीक अक्षरात 'माय' लिहिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "ब्रदर मदर ऑल्सो."

भावाच्या शाळेसाठी आई त्याला घेऊन सोलला परत गेली होती. निबंधाची पुढची ओळ मी त्या रात्री वही तपासताना वाचली: 'धिस इयर नो सूप.' वाढदिवसाला त्यांच्याकडे समुद्री शेवाळाचं सूप करतात, आई करते.

म्हणजे ते 'अवर' चूक नव्हतंच. दोघांची आई, अवर मदर. शुद्ध इंग्रजी. की सवयीचं 'उरी'च होतं आणि भाऊ तिला नंतर आठवला? मला कळलेलं नाही. आणि चुका दाखवायचेच तर मला पैसे मिळतात! हसत हसत शिकवलेलं लक्षात राहतं, असं मीच पालकांना सांगायचे. राहिलं लक्षात. तिच्याही, माझ्याही.

बरं, मी तरी काय बोलते? दुसऱ्याच दिवशी दूधवाल्याला म्हणाले, "आमच्या आईला बरं नाही, दोन दिवस दूध नको." तो काही "माझीपण का?" म्हणाला नाही.

ती मुलगी आता इथे नाही. परवा नव्या मुलाने लिहिलं, 'अवर डॉग इज फॅट.' भावंडं नाहीत त्याला, हे मी आधी विचारून घेतलं. 'अवर'खाली पेन्सिलीने एक टिंब दिलंय. वही अजून माझ्याकडेच आहे.