गाळ चढला, मशीन थांबवायची होती

माझं बालपण कोयनानगरला गेलं. वीज म्हणजे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात साठवलेलं पाणी, हेच डोक्यात पक्कं. नोकरीत उत्तराखंडात टनकपूरला आलो आणि साठ्याशिवायची वीज पाहिली. शारदा नदी, नेपाळसाठी महाकाली, इथे डोंगर सोडते. बॅरेजपाशी, म्हणजे गेटच्या बंधाऱ्यापाशी, तिचं पाणी वीजकालव्यात वळवायचं आणि नदी देईल त्यावर तीन मशीन चालवायची. क्षमता ९४.२ मेगावॅट.

ऑगस्टमधली सकाळ. वरच्या डोंगरात रात्रभर पाऊस. पाण्याच्या नमुन्यातला तळाचा गाळ बोटांत चोळला, तर कचकच लागली. उन्हात अभ्रक चमकत होतं. चिखलाचं एवढं भय नसतं. भय गारगोटीच्या बारीक कणांचं. ते रनरची, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या चाकाची, पाती खातात. हिवाळ्यात दुरुस्तीच्या वेळी पात्यावर हात फिरवला की खड्डे लागतात. ते वेल्डिंगने भरायचे, घासून पुन्हा आकारात आणायचे. प्रयोगशाळेचा आकडा मर्यादेपलीकडे गेला. मशीन बंद करायची ठरली.

म्हणजे बॅरेजची गेट उचलून कालव्याचं पाणी आता नदीत जाणार. १८१६च्या सुगौली तहापासून ही नदी सरहद्द आहे. समोरचं ब्रह्मदेव नेपाळात. भोंगा वाजवला. आपल्या काठावरचे लोक वर सरकले. पलीकडे मात्र काही पोरं वाळूच्या बेटावर वाहून आलेला ओंडका दोराने ओढत होती. नदीच्या गर्जनेत त्यांना काही ऐकूच जात नव्हतं. गेटवरचा आमचा कुमाऊनी सहकारी लाल कापड हलवत "दाज्यू (दादा), भागो!" म्हणून ओरडत सुटला.

शिफ्ट इन्चार्जांनी पोरं हटेपर्यंत गेट उचलणं रोखलं. तोवर मशीन त्या गाळातच चालू ठेवली. त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. पाती दुरुस्त होतात. पोरं ओंडका सोडून काठावर चढली, मगच गेट टप्प्याटप्प्याने उचलली.

१९९६च्या महाकाली करारानुसार टनकपूरमधून नेपाळला वर्षाला ७ कोटी युनिट वीज मोफत द्यायची असते. पावसाळ्यात १००० क्युसेक आणि एरवी ३०० क्युसेक पाणीही. हे आकडे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ. भोंगा कुठवर ऐकू जातो, हेही तितकंच पाठ असायला हवं. म्हणून आता पावसाळ्याआधी भोंग्याची चाचणी असली की एक माणूस ब्रह्मदेवच्या काठावर उभा असावा, असा माझा आग्रह असतो. तिकडून त्याचा फोन आल्याशिवाय चाचणी झाली असं मी धरत नाही.