तुम्ही विचारलंत म्हणून: आजीचं जन्मसाल कसं काढायचं?

‘आजी नव्वदीची की पंच्याण्णवची? कागद एकही नाही.’ हा प्रश्न घरोघरचा. आधारवरच्या १ जानेवारीवर जाऊ नका; नुसतं साल सांगितलं की तिथे तीच तारीख पडते.

आजीला साल विचारूच नका. गांधीजी गेले (३० जानेवारी १९४८) तेव्हा ती काय करत होती, ते विचारा. अंगात परकर होता की लुगडं? कडेवर धाकटं भावंड, की डोक्यावर भरलेली घागर? परकर आणि कडेवर भाऊ म्हणजे वय सात ते दहा. जन्म साधारण १९३७ ते १९४०.

घटना मात्र तिच्या मुलखातली हवी. मराठवाड्यात रझाकार आणि सप्टेंबर १९४८ची पोलीस ॲक्शन, किनाऱ्याला १७ जुलै १९४७ला बुडालेली रामदास बोट, पुण्यात पानशेतचं धरण फुटून आलेला पूर (१२ जुलै १९६१), पाटण-कऱ्हाडकडे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप. लग्नानंतरच्या घटनांना तिचं वय नव्हे, मुलं मोजायची: भूकंपात पाळण्यात कोण होतं, पोटात कोण? तिथून थोरल्यापर्यंत आणि मग लग्नापर्यंत मागे या; लग्नातलं तिचं वय वजा केलं की जन्मसाल. मुलांच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली. वर्षभर इकडेतिकडे धरा.

गफलत होते ती ‘लढाई’ आणि ‘दुष्काळ’ या शब्दांत. लढाया चार-पाच झाल्या. खिडक्यांना काळे कागद लावले म्हणाली तर १९६५ किंवा १९७१. लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ), खडी फोडायचं काम आलं की १९७२, शंकाच नको. आणि ‘प्लेगात आम्ही रानात झोपड्या घातल्या’ यातलं ‘आम्ही’ जपून घ्या, ते पुष्कळदा तिच्या आईचं असतं. पाहिलेलं असलं की बाई वास, चव, कपडा सांगते; ऐकलेलं असलं की नुसती गोष्ट.

कागद शोधायचाच तर माहेरच्या गावचा शोधा, सासरचा नव्हे. कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना १४), तहसीलला मागा. वडिलांच्या नावाने पाहा, कारण मुलीचं नाव पुष्कळदा नसतंच, नुसतं ‘मुलगी’. जुनी पानं मोडीत असतील तर वाचणारा सोबत न्या.

जन्मपत्रिका सापडली तर शकात ७८ मिळवा. पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला जन्म असेल तर ७९. शके १८६०, माघ लिहिलं असेल तर साल १९३९, १९३८ नव्हे.