सुपारी, नोटेशन आणि शनिवारची ट्यूशन

क्लॅरिनेटवर घर चालतं का असं कोणी विचारलं की मी सरळ कॅलेंडर दाखवतो. तुळशीचं लग्न लागलं की वरातीच्या सुपाऱ्या सुरू, डिसेंबरात वसई-बांद्र्याकडे कॅरोल, मधेच कुठे नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात साथ, आणि आषाढीनंतर मुहूर्तच नाहीत म्हटल्यावर गणपतीच्या मिरवणुका सोडल्या तर सगळा भार शिकवण्यावर. रेकॉर्डिंगचं म्हणाल तर ते आमच्या आधीच्या पिढीने भरपूर केलं, पुढे कीबोर्डवरच क्लॅरिनेटचा आवाज निघायला लागला आणि स्टुडिओचे फोन आटले.

लोकांना वाटतं वाद्य एक म्हणजे काम पण एकच. तसं अजिबात नाही हो. चर्चमध्ये समोर नोटेशनचा कागद असतो, लिहिलंय तेवढंच आणि तसंच वाजवायचं, शेजारच्याच्या आवाजात आवाज मिसळायचा. वरातीत कागद कुठला, मास्टर पुढे चालता चालता गाणं बदलतो आणि ढोल-ताशाच्या वर तुमचा सूर गेला पाहिजे. साथीला बसलं की तिसरीच तऱ्हा. आमचं वाद्य बी फ्लॅटचं, म्हणजे बोटं सी ची ठेवली तरी ऐकू येते ती पेटीची काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. गायिकेने काळी पाच सांगितली तर देवच पावला, पण गायकाने काळी एक म्हटलं की तीन फ्लॅट, म्हणजे अर्ध्याने उतरलेले सूर, सांभाळत बसा, आणि वर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी असते, ती बोट भोकावरून हळूच सरकवून आणि ओठ थोडा सैल सोडून काढावी लागते, ते कुठल्याच ग्रेड परीक्षेच्या पुस्तकात नाही.

हे सगळं ट्यूशनमध्ये आणलं की पालक नाराज. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची ग्रेडची परीक्षा जवळ आलीय आणि सर भजन काय वाजवून घेतायत? मला मात्र पक्कं वाटतं की नुसतं वाचून वाजवणारं पोर अर्धंच वाजवतं. ग्रेडचा पीस झकास वाजवणाऱ्या एका मुलीला मी म्हटलं, 'आता हाच पीस एक सूर वरून घे', तर माझ्याकडे बघतच राहिली. बँडातला पोरगा तेच हसत हसत करेल. त्याच्यापुढे कागद ठेवला की त्याची बोलती बंद, हेही तितकंच खरं म्हणा.

आणि ब्रेक, म्हणजे खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जायची ती जागा! सासरी पाय टाकताना अडखळावं तसं सगळी पोरं इथेच अडखळतात. बासरी जोरात फुंकली की तोच सूर वरच्या सप्तकात जातो, क्लॅरिनेट तसं करत नाही, अंगठ्याची रजिस्टर की दाबली की ते सा वरून एकदम वरच्या सप्तकातल्या पंचमावर, म्हणजे बाराव्या सुरावर उडी मारतं. म्हणून मधल्या ए वरून बी वर जाताना, जिथे जवळजवळ सगळी बोटं उचललेली असतात तिथून एका दमात सगळी भोकं झाकायची, एक बोट जरी जरासं बाजूला पडलं तरी चींऽऽ. शेजारी खिडकी लावून घेतात. मी उजवा हात आधीच खाली ठेवायला लावतो, ए वाजताना त्याने फारसा फरक पडत नाही, आणि निम्मं काम तिथेच होतं.

'तुम्ही वादक की मास्तर' असंही विचारतात. इंग्लंडचे क्लॅरिनेटवादक जॅक ब्रायमर शाळेत मास्तरच होते, 1947 मध्ये संगीत संचालक थॉमस बीचमनी त्यांना थेट आपल्या रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रामध्ये नेलं आणि पुढे ते शिकवतही राहिले. आपल्याकडे असं विचारणारेच लग्नात विसार द्यायला टाळाटाळ करतात ते सोडा.

सध्या शनिवारी बँडातल्या पोराला आणि ग्रेडवाल्या मुलीला एकत्र बसवतो. तो ऐकून वाजवतो ते तिने कागदावर उतरवायचं, तिने वाचलेलं त्याने पाठ करायचं. भांडतात जाम. फी एकाचीच येते, दुसऱ्याची दिवाळीनंतर, सुपाऱ्या सुरू झाल्या की.