तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आता तरी शीर सापडते का गं?’

आमच्या गावात मला भेटणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. लग्नाचा नव्हे, त्याची पाळी नंतर येते. ‘काय डॉक्टरीणबाई, आता तरी शीर सापडते का?’ विचारणारा हसतो, पारावरचे दोघं-तिघं हसतात, मीही हसते आणि पुढे निघते. शहरातली माणसं हाच प्रश्न जरा इस्त्री करून विचारतात: ‘म्हणजे तुमचं मेडिकल ऑनलाइन झालं ना?’ इतकी वर्षं हसून झालं. आज नीट उत्तर देते.

डॉक्टरी शिकायला चीनला का गेले ते सांगत बसत नाही. लातूरचे क्लास, कमी पडलेले मार्क, इथल्या खासगी कॉलेजच्या फीचा आकडा, एजंट, विकलेलं दीड एकर हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पेढे खायला तुम्हीच आला होतात.

जानेवारी २०२० मध्ये मी हुबेई प्रांतातून एका महिन्याच्या सुट्टीवर घरी आले. चौथं वर्ष अर्धं झालं होतं. तिकडच्या नववर्षाची सुट्टी, त्यामुळे सोबत फक्त एक बॅग. पुस्तकं, राइस कुकर, पांढरा कोट, स्टेथोस्कोप सगळं हॉस्टेलच्या खोलीत. २३ जानेवारीला वुहान बंद झालं. मागे राहिलेल्या आपल्या मुलांना आणायला एअर इंडियाची विमानं गेली तेव्हा मी टीव्हीसमोर बसून ‘सुटलो बाई’ म्हटलं होतं. त्या मुलीला आज गाठून दोन शब्द सुनवावेसे वाटतात. २८ मार्चपासून चीनने परदेशी लोकांना दार लावलं आणि भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसा पुन्हा मिळायला लागले ते ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस. तोवर माझी पदवी कुरिअरने घरी आलेली होती. स्टेथोस्कोप तिकडेच राहिला.

तर हो, चौथ्या वर्षाचा उरलेला अर्धा भाग आणि अख्खं पाचवं वर्ष माझं मोबाइलवर झालं. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, बालरोग, म्हणजे पेशंटच्या उशाशी उभं राहून शिकायचं ते सगळं. तिकडचे आठ म्हणजे आपले साडेपाच. पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायचं, कारण रेंज तिथेच. मॅडमनी प्रसूतीचा व्हिडिओ लावला, बाळाचं डोकं दिसायला लागलं आणि स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं. चक्र थांबलं तेव्हा मॅडम बाळामागून पडलेली वार तपासत होत्या. मधलं बाळंतपण मी पुस्तकात वाचलं. हृदयाची मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, इअरफोनमधून ऐकली. पेशंटच्या छातीवर स्टेथोस्कोप नेमका कुठे ठेवायचा, किती दाबायचा, हे इअरफोन सांगत नाही.

त्यात गलवान झालं आणि २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली. त्यात वीचॅट होतं. तुमच्यासाठी ते चिनी ॲप. आमचं वर्ग, वेळापत्रक, हजेरी, फीची पावती, सगळं त्यातच. चौकात पोरांनी चिनी मोबाइलची खोकी जाळली (मोबाइल नाही, खोकी) आणि एका चुलत्यांनी मला विचारलं, ‘तुझी पुस्तकं कधी जाळायची?’ तेव्हाही मी हसलेच.

आता शिरेची गोष्ट. तुम्ही आक्कांच्या तोंडून ऐकली आहे. माझ्या तोंडून कुणीच ऐकलेली नाही.

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. लातूरला बेड नाही, उदगीरला कुणी फोन उचलत नाही, आणि गावातले डॉक्टर स्वतःच पॉझिटिव्ह होऊन ॲडमिट. रात्री साडेदहाला आक्कांचा मुलगा दारात. गावात ऑक्सिमीटर एकच, तो घरोघरी फिरायचा. आक्कांच्या बोटाला लावला तर रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्के. सत्तरी ओलांडलेली बाई, तीन दिवस ताप, पोटात काही नाही. मी म्हटलं, पालथं झोपवा आणि गाडी बघा, यांना ऑक्सिजन लागणार. तिथे जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ‘पालथं झोपवायला डॉक्टर कशाला पाहिजे?’ तोवर मुलाने मेडिकलमधून सलाइनची बाटली, सेट आणि इंट्राकॅथ (शिरेत घालायची सुई-नळी) आणूनच ठेवलं होतं. ‘पोरी, एक सलाइन लाव. तरतरी येईल.’

मला माहीत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ८६ ला सलाइन हे औषध नाही, हे मला माहीत होतं. दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला बाटल्या चढवल्या तर पाणी फुप्फुसात उतरू शकतं, हेही माहीत होतं. पहाटेच्या वर्गात तेवढं नीट शिकवलं होतं. ‘सलाइन नको’ हे दोन शब्द जिभेवर होते. पण खोलीत आठ-दहा माणसं होती आणि मला वाटलं, मी नको म्हटलं तर हे म्हणतील, हिला येत नाही म्हणून नको म्हणते. आणि येत तर नव्हतंच. म्हणून मी बाटली हातात घेतली.

तोवर मी आयुष्यात एकदाच सुई टोचली होती, तिसऱ्या वर्षी, रबरी हाताला. तिकडे इंजेक्शन-सलाइन नर्सच करतात. आम्ही परदेशी मुलं वॉर्डात मागच्या रांगेत, चिनी भाषा सांभाळत. रबरी हाताची शीर हलत नाही. आक्कांची हलली. रुमालाने दंड आवळला, कोपराच्या खोबणीत बोट फिरवलं, काहीतरी दोरीसारखं लागलं, टोचलं. रक्त मागे आलं नाही. सुई जरा मागे घेऊन पुन्हा सारली. आक्का ‘आई गं’ म्हणाल्या. दुसऱ्यांदा मनगटाजवळ. या वेळी रक्त आलं, मला हायसं वाटलं, मी सलाइन सुरू केलं आणि डोळ्यांदेखत तिथे लिंबाएवढी गाठ फुगली. शीर फुटली होती.

मग कुणीतरी डॉक्टरांच्या कंपाउंडरला उठवून आणलं. दहावी नापास, पण वीस वर्षांचा हात. त्याने दुसरा हात खाली लोंबता ठेवायला सांगितला, पंजाच्या मागे दोन चापट्या मारल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘मॅडम, बॅटरी धरा.’ मी माझ्या मोबाइलची बॅटरी धरली. त्याने एका दमात घातली. तो मला टोमणा मारत नव्हता, हे आधी सांगते. त्याला खरंच उजेड हवा होता.

मीच सलाइनची धार कमी केली, अगदी थेंब-थेंब. तेवढी अक्कल शाबूत होती. पहाटे जीप मिळाली, आक्कांना बेड मिळाला, बाराव्या दिवशी त्या घरी आल्या. डावा हात काळानिळा. पुढे जो भेटेल त्याला तो दाखवून सांगायच्या, ‘पोरीनं दोनदा टोचलं, शीर काय घावंना.’ प्रेमानेच सांगायच्या. तिथून तुमचा प्रश्न आला.

आता मला चिडू द्या. त्याच वर्षी आपल्याकडच्या एमबीबीएसच्या मुलांचेही वर्ग घरूनच चालले होते. त्यांना कुणी ऑनलाइन डॉक्टर म्हणत नाही. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी कुठल्या मुलाला शीर सापडते, तेही कधी विचारा. पण इथे माझीच जीभ अडखळते. ती मुलं काही महिन्यांत वॉर्डात परतली. मी नाही. सहाव्या वर्षाची इंटर्नशिप विद्यापीठाने आपापल्या गावी करायला सांगितली. ती मी एका खासगी दवाखान्यात केली, म्हणजे वर्षभर फायली लिहिल्या.

त्या काळात रोज रात्री आम्ही ‘टेक अस बॅक टू चायना’ हा हॅशटॅग चालवायचो. मग मेडिकल कमिशन म्हणालं, ऑनलाइन शिक्षण धरणार नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २९ एप्रिल २०२२ ला आमच्यासारख्यांसाठी योजना करा असा आदेश झाला, आणि जुलैअखेर योजना आली: ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळाली असेल तर परदेशी पदवीधरांच्या परीक्षेला बसा, आणि पास झाल्यावर इंटर्नशिप एक नव्हे, दोन वर्षं. मी तेव्हा काय काय लिहिलंय ते आज वाचवत नाही. अन्याय, सूडबुद्धी, आयुष्याची दोन वर्षं. बॅटरी धरलेली मुलगी मात्र ते लिहिताना गप्प होती. तिला माहीत होतं की दुसरं वर्ष कुणीतरी सक्तीने लादलं तर बरंच आहे.

आणि तरीही. परीक्षा मी दुसऱ्या खेपेला काढली. ३०० पैकी १५० लागतात, पहिल्यांदा १४३ वर अडकले होते. मग दोन वर्षं केली. पहिल्या सात-आठ महिन्यांत जे यायचं ते हातात आलं. पुढचं सव्वा वर्ष रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवणं आणि डिस्चार्ज कार्ड लिहिणं. म्हणजे शिक्षा बरोबर होती की चूक? एका दिवशी एक वाटतं, नाइट ड्यूटीनंतर दुसरं. ‘मग तेव्हाच सोडून का नाही दिलंस?’ असंही काही जण विचारतात. दीड एकर विकलेल्या माणसाच्या घरात राहून हा प्रश्न विचारून बघा.

सुईचं मला तितकंसं लागलेलं नाही. सुई सरावाने येते. त्या रात्री मला जे खरंच येत होतं ते मी बोलले नाही, ते लागतं. मोबाइलवर शिकलेलं खोटं असतं असं तुम्ही म्हणता, आणि त्या खोलीत माझंही तेच मत होतं. आक्का गेल्या वर्षी गेल्या, वयाने. त्यांना हे सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर त्यांनी तेही गावभर केलं असतं, म्हणून राहिलं की धीर झाला नाही म्हणून, कोण जाणे.

इंटर्नशिपच्या वहीत मागच्या पानावर मी पहिल्या पन्नास शिरांचा हिशोब ठेवला होता. पहिल्या दहांत सात फुकट. शेवटच्या दहांत एक, तो दारू पिऊन भांडण करून आलेला माणूस होता, हात स्थिर ठेवत नव्हता. तर हो, सापडते. म्हाताऱ्या माणसांची पंजावर आधी बघते, हात खाली सोडून, दोन चापट्या मारून. तान्ह्या बाळांची अजून सापडत नाही. तिथे मी सिस्टरना हाक मारते आणि बॅटरी धरते.